घट्ट पाण्यासाठी कोणती पावडर: स्टार्चची की झँथन गमची?

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांची गिळण्याची तपासणी झाली. नाकातून बारीक दुर्बीण घालून स्पीच थेरपिस्टने बघितलं आणि सांगितलं, घास चालेल, पण पाणी, चहा, औषध सगळं लेव्हल दोनपर्यंत घट्ट करूनच द्यायचं. किती घट्ट ते तज्ज्ञ ठरवतात. कशाने घट्ट करायचं, हे मात्र बहुतेक वेळा मेडिकलच्या काउंटरवर आपल्यालाच ठरवावं लागतं. आमच्याकडे दोन्ही प्रकारचे डबे वापरून झाले आहेत. लेव्हल म्हणजे द्रव किती घट्ट याचं ठरलेलं माप. पातळ पाणी श्वासनलिकेत जाऊन ठसका लागू नये म्हणून ते घट्ट करतात. बाकीचं तुम्हाला थेरपिस्टने समजावलं असेल असं धरून चालतो.

स्टार्चची पावडर स्वस्त आहे, सहज मिळते आणि पटकन विरघळते. चव साधारण पेजेच्या जवळ जाते, त्यामुळे बाबांनी पहिल्या दिवसापासून कुरकूर केली नाही. आईलाही ती ओळखीची वाटली. झँथन गम हा डिंकासारखा घट्ट करणारा पदार्थ. त्याने पाणी स्वच्छ, पारदर्शक राहतं, पण घोट किंचित बुळबुळीत लागतो आणि काहींना तो अजिबात आवडत नाही. शिवाय भुरभुरत टाकून लगेच जोरात ढवळलं नाही, तर गुठळ्या होतात. आम्ही ताकाची छोटी रवी त्यासाठीच वेगळी ठेवली आहे. दुधात तर झँथन रेंगाळतंच. ढवळून ठेवायचं, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा ढवळायचं, मग कुठे ते जमतं. सकाळच्या घाईत याचा वैताग येतो, हे कबूल.

किमतीबद्दल एवढंच की झँथनचा डबा महाग असला तरी एका पेल्याला पावडर बरीच कमी लागते. हिशेब डब्याचा न करता पेल्याचा करा. मधुमेह असेल तर दिवसभरात पाण्यातून जाणारा स्टार्चही आहारात धरावा लागतो, तो आहारतज्ज्ञांना जरूर सांगा.

आता ज्या गोष्टीने आमच्या घरात निकाल लागला ती. बाबांना आम्ही वाटीतून चमच्याने पाजतो. चमचा तोंडात जातो आणि परत वाटीत येतो, सोबत थोडी लाळ आणतो. लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च तोडायलाच असतं. ते वाटीतही तेच काम करतं. सुरुवातीचे चमचे व्यवस्थित जायचे आणि वाटी संपत आली की ठसका. आधी वाटायचं, बाबा थकले म्हणून होत असेल. एकदा उरलेलं घट्ट पाणी वाटी तिरकी करून बघितलं, तर ते सरळ पाण्यासारखं धावलं. मग १० मिलीच्या सिरिंजने तपासलं. सुई काढायची, खालचं टोक बोटाने बंद करून १० मिली भरायचं, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचं. ४ ते ८ मिली उरलं तर ती लेव्हल दोन. वाटीतलं उरलेलं जवळजवळ सगळं वाहून गेलं. (सिरिंजवर ० ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं. सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात, आधी पट्टीने मोजून घ्या.)

दुसरीकडे, चमचा न लावता तोच पेला ठेवून दिला तर स्टार्च घट्ट होत जातं. बाबांचा चहा अर्धा तास चालतो. शेवटी त्याची खळ झालेली असायची, आणि त्यात गरम पाणी घातलं की मापाचा पत्ताच नाही. म्हणजे चमचा लागला तर पातळ, नाही लागला तर दाट. दोन चमचे ठेवून बघितले, एक वाटीचा आणि एक तोंडाचा. पण रोजच्या धावपळीत, त्यातून पाजणारं माणूस बदललं की, ते टिकत नाही. झँथनवर अमायलेजचा परिणाम होत नाही. पहिला आणि शेवटचा चमचा आम्हाला तरी सारखाच वाटला आहे, आणि चहाही शेवटपर्यंत तसाच राहतो.

आंबट पेयात लाळेचा जोर कमी पडतो, त्यामुळे लिंबू किंवा कोकम सरबतात स्टार्चनेही आमची फारशी अडचण केली नाही. पण ज्येष्ठांच्या घरात बद्धकोष्ठतेची पावडर असतेच, तिथे सावध राहा. ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची असेल, तर स्टार्चने घट्ट केलेल्या पाण्यात मिसळल्यावर ते पाणी पातळ होऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. हे कळल्यावर माझ्या मनात फारसा प्रश्न उरला नाही.

झँथन सगळ्यांसाठी आहे असं मात्र नाही. लहान बाळांसाठी ते आपल्या मनाने वापरू नये. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत द्रव घट्ट करणाऱ्या एका झँथन उत्पादनाविषयी आतड्याच्या गंभीर आजाराचा इशारा दिला आणि पुढे तो सगळ्याच तान्ह्या बाळांपर्यंत वाढवला. दोन्ही प्रकारांत कोरडी पावडर रुग्णाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, घशात फुगून जीव गुदमरू शकतो. आणि माझं मोजमाप ठसक्याचं आहे, ते अपुरं आहे. काही रुग्णांत पाणी श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. म्हणून पावडर बदलायची तर थेरपिस्टला सांगून, आणि ताप किंवा छातीत घरघर दिसली तर वाट न बघता डॉक्टरांकडे.

तुमचा रुग्ण स्वतः पेल्याने, थोड्या वेळात पिऊन टाकत असेल, तर स्टार्चने भागेलही. चमच्याने आणि सावकाश पाजत असाल, तर मी झँथनकडे झुकेन. मोठा डबा घेण्याआधी सुटी पाकिटं मिळाली तर बघा. पाणी, चहा आणि दूध, तिन्हीची सिरिंज चाचणी लगेच करा, अर्ध्या तासाने करा आणि वाटीत उरलेल्या घोटाचीही करा.