दादर पूर्व की पश्चिम? पारसी कॉलनी vs शिवाजी पार्क

जुन्या बिल्डिंगा बघायच्या तर आधी कुठे जायचं, माझं मत सांगते. दोन्ही वस्त्या प्लॅन करून वसवलेल्या. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची सरकारी संस्था आली, त्यांच्या दादर-माटुंगा स्कीममधे मंचेरजी जोशी या इंजिनियरने पारशांसाठी प्लॉट मिळवले आणि कॉलनी उभी राहिली, बाकीच्या पारसी बागांसारखी (म्हणजे पारशांच्या वसाहतींसारखी) भिंत नाही गेट नाही, सरळ आत चालत जायचं. बुटक्या बिल्डिंगा, लांब व्हरांडे, पुढे फाइव्ह गार्डन्स, आणि झाडं एवढी की मे महिन्यात पण फुटपाथवर सावली असते.

शिवाजी पार्क म्हणजे आधीचं माहीम पार्क, नाव १९२७ ला बदललं. इथला हिरो म्हणजे मैदान, घरं त्याच्या भोवती. आर्ट डेको ही बिल्डिंगांची जुनी स्टाइल बघायची असेल तर मात्र इकडेच या, कोपऱ्यावर गोल वळलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर सिमेंटच्या सरळ पट्ट्या, जिन्याच्या ग्रिलला डिझाइन... पण रिडेव्हलपमेंटने बऱ्याच गेल्या, वर बघितलं की काचेचा टॉवर.

गप्पांना शिवाजी पार्कच्या मैदानाभोवतीचा कट्टा बेस्टच, त्यात वाद नाही. पण घरं आणि झाडं एकत्र बघायची तर मी पूर्वेलाच उतरेन, तेही सकाळी सातच्या आत, नंतर पार्किंगच्या गाड्यांमागे तळमजले दिसतच नाहीत.