फाइंडएमएनटी: एफएसटॅबचा खडूस तपासनीस

आमच्या प्रयोगशाळेतल्या लिनक्स वर्कस्टेशनची डेटा डिस्क कुणी काढून नेली की पुढच्या बूटला नाटक ठरलेलं. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, तिची ओळ तशीच असते, म्हणून बूट हाताळणारं सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट बघतं आणि मग थेट इमर्जन्सी मोड, रूटचा (प्रशासकाचा) पासवर्ड मागणारा काळा पडदा!

युटिल-लिनक्स या लिनक्सच्या साधनसंचासोबत फुकट येणारं फाइंडएमएनटी इथे खरंच कामाचं. व्हेरिफाय हा पर्याय दिला की एफएसटॅबची ओळ न ओळ तपासतं, तेही रीबूट न करता: यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) सापडत नाही, माउंटचं (डिस्क जोडायचं) फोल्डरच नाही, फाइल सिस्टमचा प्रकार लिहिलाय एक्सटी४ आणि डिस्कवर निघतं एक्सएफएस. (रूट म्हणूनच चालवा, नाहीतर डिस्कवरचा प्रकार त्याला वाचता येत नाही.) एफएसटॅबमधलं सगळं जोडणाऱ्या नुसत्या 'माउंट -ए'वर माझा भरवसा नाही, आधीच माउंट झालेलं ते सोडून देतं, त्यामुळे निमूट पार पडतं आणि बूट मात्र अडकतं.

उणं काय? एनएफएसचा (नेटवर्कवरून फायली देणारा) सर्व्हर जिवंत आहे का, हे बघत नाही. कुठल्या ओळीला नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडवू नको, असं सांगणारा पर्याय) हवं तेही सुचवत नाही. डेटा डिस्कला ते मीच घालतो. होमला (वापरकर्त्यांच्या फायलींच्या जागेला) मुळीच नाही, नाहीतर लॉगिन होतं आणि फायली गायब. संदेश तर सरकारी नोटिशीइतके कोरडे. पाचपैकी चार तारे.