हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली १,३८,४९८ रुपये गेले

पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाने वाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.

नोव्हेंबरअखेर फोन आला. "मॅडम, तुमचा हयातीचा दाखला चढलेला नाही, पेन्शन थांबेल." माझा पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक), बँक, निवृत्तीची तारीख त्याने बिनचूक सांगितली. ही माहिती चोरांच्या हातात गेली कुठून? असा माणूस पेन्शन खात्यातला नाही, हे कोणाला कळलं असतं? पुढचं ठरलेलंच: व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक, अ‍ॅप, "आयडी वाचून दाखवा."

अ‍ॅपचं नाव रस्टडेस्क. ते बनावट नाही. लांब बसून दुसऱ्याचा संगणक दुरुस्त करायला ते जगभर वापरतात, कोड सगळ्यांसाठी खुला आहे. अँटिव्हायरस गप्प राहिला तो त्यामुळेच. उलट त्या अ‍ॅपनेच मला अडवलं होतं! अनोळखी माणसाने फोनवर हे सुरू करायला सांगितलं असेल तर फोन ठेवा, अशी सूचना स्क्रीनभर आली. इंग्रजीत. होकाराचं बटण काही सेकंद दाबलंच जात नाही. बनवणाऱ्यांनी तेवढा वेळ आपल्याला विचारासाठी ठेवलाय. तेवढ्यात तो नालायक म्हणाला, "हे सगळ्यांनाच येतं, खालचं बटण दाबा." ते सेकंद आठवले की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

४९,९९९. पुन्हा ४९,९९९. मग ३८,५००. ओटीपी मी एकही सांगितला नाही, त्या अ‍ॅपमधून त्याने ते माझ्याच स्क्रीनवर वाचले. म्हणून सांगते, "ओटीपी देऊ नका" एवढ्याने भागत नाही. स्क्रीनच देऊ नका.

बँकेत उत्तर एकच: "व्यवहार तुमच्याच मोबाइलवरून झालाय." ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणं बँकेचं काम आहे, असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. ते समोर ठेवलं तर साहेबांनी न वाचता परत सरकवलं. पोलीस ठाण्यात म्हणाले, "हद्द आमची नाही." अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडो, तक्रार घ्यावीच लागते! हे मी, पासष्टीच्या बाईने, त्यांना सांगायचं? वर तिथला एक पोरगा ऐकवतो, "शिकलेली माणसं असं कसं करतात?" चोराला शोधायचं सोडून माझीच उलटतपासणी.

तक्रारीची लेखी पोच घेतल्याशिवाय बँकेतून उठू नका. दाखला बँकेत, टपाल कार्यालयात किंवा स्वतः जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवरून द्या. त्यासाठी फोन करून कोणी अ‍ॅप टाकायला लावत नाही. अ‍ॅपने अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे तुमचा फोन चालवू देण्याची, परवानगी मागितली की थांबा. आणि स्क्रीन आपोआप हलू लागली तर आधी मोबाइल बंद करा, शेजाऱ्याच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. माझा फोन तर त्यानेच बोलण्यात अडकवून ठेवला होता.