घोट्याजवळची न भरणारी जखम आणि चार थरांचं बँडेज : काही महिन्यांच्या वापरानंतर

कुठलं मलम चांगलं, हे शोधत आला असाल तर इथे फार काही मिळणार नाही. माझ्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची, व्हेरिकोज व्हेन्समुळे झालेली जखम आता नखाएवढी उरली आहे, आणि ते श्रेय दाबाचं. बँडेजखाली जखमेवर फक्त न चिकटणारी साधी जाळी असते.

जखमांच्या खास क्लिनिकमध्ये बँडेज बांधण्याआधी त्यांनी छोट्या डॉप्लर यंत्रानं घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजलं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागतात. उत्तर ०.८ च्या खाली आलं तर पायाच्या धमन्याच अरुंद असण्याची शक्यता असते आणि मग सहसा पूर्ण दाब देत नाहीत. मधुमेह असेल तर धमन्या कडक होऊन आकडा फसवा जास्त येऊ शकतो, तेही विचारून घ्या. हे न मोजता कोणी आवळून बांधायला लागलं, तर सरळ नको म्हणा.

बँडेज असं : आधी मऊ कापूस, मग क्रेप, मग इलॅस्टिक, वरून स्वतःलाच चिकटणारी पट्टी. घोट्याशी दाब साधारण ४० मिलिमीटर पारा, गुडघ्याकडे कमी कमी. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं. बाहेरून दाब असला की पोटरीचा स्नायू ते वर ढकलू शकतो. म्हणून चाला म्हणतात, एका जागी उभं राहू नका म्हणतात.

सुरुवातीचे आठवडे वैतागाचे. लस इतकी वाहायची की वरच्या थरावर पिवळट डाग उमटायचा, वास यायचा, आणि आत खाज सुटली की काहीही करता येत नाही. चप्पल बसत नाही, ते वेगळंच. एकदा नेहमीची सिस्टर नव्हती. बदलीवर आलेल्या बाईंनी घोट्याशी सैल आणि गुडघ्याखाली घट्ट बांधलं. रात्री बोटं निळसर, गार पडली. असं झालं तर सकाळची वाट पाहायची नाही, कात्रीनं कापून टाकायचं.

आवडलेली गोष्ट म्हणजे दर वेळी पारदर्शक कागदावर जखमेची कड पेनानं गिरवून आधीच्या रेषेशी ताडून बघायचे. भरतेय की नाही, यावर वादच नाही. शिवाय उठसूट अँटिबायोटिक नाही : जुन्या जखमेत जंतू असतातच, लाली पसरली, ताप आला किंवा दुखणं वाढलं तरच.

नाराजी एकाच गोष्टीची, बिघडलेली शीर बंद करण्याचा विषय फार उशिरा निघाला. ब्रिटनमधल्या चाचणीत (निकाल २०१८) शीर लवकर बंद केलेल्यांच्या जखमा मध्यकानुसार ५६ दिवसांत भरल्या, थांबलेल्यांच्या ८२ दिवसांत. बँडेज दोन्हीकडे होतंच.

उजव्या पायाला आत्तापासून दाबाचा मोजा दिलाय. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी, सूज चढायच्या आत घालायचा. रबरी हातमोजे घातले की तो बरा वर सरकतो.