पूतना, हिरोक्किन की आठ फुटी बाई: सांगायला कोणती घ्यावी?

रात्रीच्या बैठकीत भीतीची गोष्ट सांगायची आणि तिच्यात बाई अवाढव्य हवी, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो, कोणती? पुराणातली, दूरच्या दंतकथेतली की आजच्या भयकथेतली? मी तिन्ही तऱ्हा आलटूनपालटून सांगितल्या आहेत आणि आता एकीवर स्थिरावलो आहे. ताटका, हिडिंबा सगळ्यांना पाठ असतात. सुरसेनं शंभर योजनं तोंड पसरावं आणि हनुमानानं अंगठ्याएवढं होऊन आत शिरून बाहेर यावं, यात मजा भरपूर आहे, पण माझ्यासमोर तरी कुणी घाबरलेलं नाही.

तरुण श्रोते आधी नवं मागतात. जपानची हाचिशाकुसामा 2008 मध्ये इंटरनेटवर अवतरली. उंची आठ शाकू, म्हणजे साधारण 2.4 मीटर. तोंडून 'पो, पो, पो' असा आवाज. कुंपणाच्या झुडपांवरून तिची हॅट सरकत जाते आणि मुलाच्या लक्षात येतं, झुडपंच माणसापेक्षा उंच आहेत! हा क्षण हमखास अंगावर काटा आणतो. पुढे तिच्यापासून वाचवायला मुलाला खोलीत कोंडतात, कोपऱ्यांत मीठ ठेवतात आणि रात्री दाराबाहेरून आजोबांच्या आवाजात हाक येते. अप्रतिम प्रसंग आहे, फक्त त्यात तिच्या उंचीचं काहीच काम उरत नाही. हाक देणारी बुटकी असती तरी चाललं असतं.

2021 च्या 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज' या गेममधली लेडी दिमित्रेस्कू हॅट आणि टाचांसकट 2.9 मीटरची. स्वतःच्याच वाड्याच्या दारातून तिला वाकून यावं लागतं. पडद्यावर हे जबरदस्त दिसतं. तोंडी सांगताना मात्र आकडा उच्चारला की ऐकणारे छताकडे बघून अंदाज बांधू लागतात, आणि अंदाज बसला की भीती ओसरते.

तरी माझं मन या दोघींवरून उडालं ते दुसऱ्याच कारणानं. त्यांच्या देहाला वजन नाही. दिमित्रेस्कू शेवटी पांढरी पडते, तिचा चुरा होतो आणि मागे एक स्फटिक राहतो. हाचिशाकुसामा तर हाती लागतच नाही. एवढं मोठं शरीर गोष्टीत आणायचं आणि ते कुणाच्या वाटेत आडवं येऊ द्यायचं नाही, हे मला दर वेळी खुपतं. ऐकणाऱ्यांनाही खुपत असावं, कारण 'मग तिचं काय झालं?' हा प्रश्न येतोच, आणि माझ्याकडे द्यायला काही नसतं.

हिरोक्किनकडे वजन आहे. 13व्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या 'एड्डा' या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथात बाल्डर या मेलेल्या देवाचं अंत्यसंस्काराचं जहाज देवांना हलत नाही, म्हणून या राक्षसिणीला बोलावणं जातं. ती लांडग्यावर बसून येते, सापांचे लगाम धरून. तो लांडगा चार लढवय्यांना आवरत नाही, शेवटी त्याला आडवं पाडावं लागतं. तिच्या पहिल्याच धक्क्यात जहाजाखालच्या ओंडक्यांतून आग उसळते, जमीन हादरते. थॉर चिडून तिचं डोकं फोडायला निघतो, बाकीचे देव त्याला थोपवतात. चित्र फार मोठं, पण एका प्रसंगात आटोपतं. पुढची रात्र भरायला काही उरत नाही.

राहिली पूतना. भागवताच्या दशम स्कंधात ती देखणी बाई होऊन येते. राक्षसी आकार उघडा पडतो तो प्राण जाताना. देह कोसळतो तेव्हा सहा कोसांतली झाडं चिरडली जातात. नांगराच्या दांड्यांसारख्या दाढा, डोंगरातल्या गुहांसारख्या नाकपुड्या, अंधाऱ्या विहिरींसारखे डोळे, पाणी आटलेल्या डोहासारखं पोट. ऐकणारा मनातल्या मनात त्या देहावरून चालू लागतो. बाळ तिच्या छातीवर निर्धास्त खेळतंय आणि गोपींना ते उचलायला तिथवर चढावं लागतं, असं मी सांगतो (चढणं माझ्या पदरचं, पण सहा कोसांच्या हिशेबात बसतं). मग गाईचं शेपूट फिरवून बाळाची दृष्ट काढतात.

आणि मग गोकुळासमोर प्रश्न उभा राहतो, या देहाचं करायचं काय? गवळी कुऱ्हाडी घेऊन तो तोडतात, दूर नेऊन लाकडं रचून जाळतात. धुराला अगरूचा सुगंध येतो, कारण कृष्णानं तिचं दूध प्यायलं होतं. विष पाजायला आलेल्या तिला आईची गती मिळते. भीती, कष्ट आणि करुणा एकाच देहातून निघतात, अशी दुसरी राक्षसीण मला तरी सापडलेली नाही.

बैठक छोटी आणि श्रोते नव्या भयकथांचे शौकीन असतील, तर हाचिशाकुसामा घ्यायला हरकत नाही. विषारी स्तनांचा प्रसंग लहान मुलांसमोर नको वाटत असेल तर हिरोक्किन निर्धोक आहे. बाकी वेळी पूतना घ्या, ती पडण्यापर्यंतचा भाग भरभर सांगा आणि कुऱ्हाडींसाठी वेळ राखून ठेवा.