संपाच्या आठवड्यात पारखलेले सेवा केंद्र

सरकारी दाखल्यांचे केंद्र चांगले की वाईट हे एरवी सहज कळत नाही, कारण अर्ज भरून पावती हातात देण्यापलीकडे तेथील माणसाच्या हाती फारसे काही नसते. पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील ज्या ‘आपले सरकार सेवा केंद्रा’विषयी मी येथे लिहीत आहे, तेथे आमच्या सोसायटीतील बहुतेकांचे उत्पन्नाचे, अधिवासाचे आणि नॉन-क्रिमीलेअरचे दाखले निघाले आहेत. त्याची खरी पारख मात्र मार्च २०२३ मधील राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात झाली आणि आजही हे केंद्र कोणाला सुचवताना मी त्या आठवड्याचाच दाखला देतो.

१ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांनाही जुनी पेन्शन योजना लागू करावी, या मागणीसाठी १४ मार्चला सुरू झालेला तो संप २० मार्चला मागे घेण्यात आला. मागणी योग्य होती की अयोग्य, हा येथे विषय नाही. पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयातील परिचारिका संपात होत्या, दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांची तपासणी अडली होती आणि अवकाळी पावसाने झोडपलेल्या शेतांचे पंचनामे खोळंबले होते. त्या मानाने दाखला मिळायला उशीर होणे ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण तो मार्च महिना होता. उत्पन्नाच्या दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते आणि त्याच दिवसांत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांवरील प्रवेशांचे अर्जही भरले जात होते. वार्षिक एक लाखाच्या आत उत्पन्न असल्याचा तहसीलदारांचा दाखला हाती नसेल, तर धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाची शाळा हातची जाऊ शकते. आरटीई अर्जांची १७ मार्चची मुदत पुढे २५ मार्चपर्यंत वाढली खरी, पण संप सुरू झाला त्या दिवशी ते कोणाला ठाऊक होते?

या केंद्रांची रचना अशी आहे की संपात ती बंद पडत नाहीत. केंद्रचालक सरकारी नोकर नसतो, त्यामुळे शटर वर असते; संकेतस्थळ चालू असते, अर्ज स्वीकारला जातो, चालकाच्या वॉलेटमधून शुल्क वळते होते आणि अर्ज क्रमांक असलेली पावतीही छापून येते. पुढे तो अर्ज तहसील कार्यालयातील कारकुनाच्या लॉगिनला जातो, तेथून नायब तहसीलदारांकडे, आणि त्यांनी डिजिटल स्वाक्षरी केल्याशिवाय दाखला निघत नाही. संपात ही मधली सगळी साखळीच जागेवर नव्हती. म्हणजे नागरिकाच्या बाजूने पाहिले तर सेवा चालू, पैसे भरलेले, पावती खिशात. आणि पलीकडे अर्ज उघडून पाहायलाही कोणी नाही. ऑनलाइन सेवेचा हा दोष एरवी झाकलेला राहतो, कारण रांग दिसत नाही.

या केंद्राने त्या आठवड्यात काय केले, तर संपाच्या पहिल्याच दिवशी काचेवर एक हाताने लिहिलेला कागद चिकटवला. निळ्या स्केचपेनने त्यावर लिहिले होते, ‘अर्ज स्वीकारले जातील. संप मिटेपर्यंत सही होणार नाही. घाई नसेल त्यांनी पुढच्या आठवड्यात यावे.’ आतल्या मुलाला कोणी विचारलेच तर तो म्हणे, “काका, अर्ज आत्ता टाकून ठेवतो, नंबर तरी लागेल. पण डीएससी, म्हणजे साहेबांची डिजिटल सही, कधी लागेल ते मी सांगणार नाही.” शाळाप्रवेशाची कामे तो एका वहीत वेगळी उतरवून घेत होता, अर्जदाराचा फोन नंबर आणि पुढे शेवटची तारीख. संप मिटल्यावर त्या वहीतल्या लोकांना त्याने स्वतःहून फोन केले. याउलट, जवळच्याच दुसऱ्या एका केंद्रात ‘चार दिवसांत मिळून जाईल’ असे सांगून त्याच आठवड्यात अर्ज भरून घेतले जात होते. आमच्या इमारतीतील एका गृहस्थांनी त्या भरवशावर मुलीच्या शिष्यवृत्तीचे काम लांबवले आणि नंतर त्यांची बरीच पळापळ झाली.

एवढ्याशा कागदाचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. पण ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५’ नुसार उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत ठरलेली आहे, मुदत टळल्यास अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडही होऊ शकतो. हे सगळे मुदत उलटल्यानंतरचे झाले. आज खिडकीपलीकडे कोणी बसलेले आहे का, हे अर्ज करण्याआधी कळण्याची सोय त्यात नाही. अमेरिकेत निधीला मंजुरी मिळाली नाही म्हणून केंद्र सरकारचे कामकाज १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे त्रेचाळीस दिवस ठप्प झाले होते आणि तेथील लोकांचे हाल आपल्यापेक्षा कितीतरी मोठे होते. तरीही अशा वेळी कोणते काम चालू राहील व कोणते थांबेल, याचा आराखडा तेथील प्रत्येक खात्याला आधी तयार ठेवावा लागतो. आपल्याकडे तेवढे काम त्या आठवड्यात निळ्या स्केचपेनने केले.

पुण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, जिचा विचार फारसा झाला नाही. महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली होती; म्हणजे संप सुरू झाला त्या दिवशी शहरात प्रशासक राजवटीला बरोबर वर्ष झाले होते. एरवी काम अडले की माणूस नगरसेवकाच्या कार्यालयात जातो, तेथील कार्यकर्ता तहसीलला फोन लावतो, निदान रहिवासाचे पत्र तरी मिळते. ती वाट बंद होती आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत बंदच राहिली. त्याच मार्चच्या २९ तारखेला खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले आणि पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पुण्याची लोकसभेची जागाही रिकामी होती. माजी नगरसेवकांपैकी काहींनी आपली कार्यालये चालू ठेवली हे खरे, पण माजी माणसाच्या फोनला कार्यालयात किती वजन असते, हे पुणेकरांना सांगायला नको. अशा काळात केंद्राच्या काउंटरवरचा तो मुलगाच लोकांना शासनाच्या वतीने उत्तर देत होता, आणि तेही त्याच्या अखत्यारीत नसलेल्या गोष्टींबद्दल.

आता उणिवा. त्या वेळी दाखल्याचे अधिकृत शुल्क ३३ रुपये ६० पैसे होते, पण येथे सरसकट पन्नास घेतले जात. विचारल्यावर ‘प्रिंट आणि स्कॅनिंगचे’ असे उत्तर मिळे, जे मला आजही पटलेले नाही. एप्रिल २०२५ पासून शुल्क ६९ रुपये झाले, आणि आता दरफलक दर्शनी भागात लावलेला असतो व तेवढेच पैसे घेतले जातात, ही सुधारणा नोंदवायला हवी. बसायला दोनच प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत आणि त्यांपैकी एकीवर बहुधा झेरॉक्सचे कागद ठेवलेले असतात. स्वयंघोषणापत्राचा नमुना वाचण्याचा वेळ न देता सही घेण्याची घाई होते; ज्येष्ठांनी तेथे थोडे अडून बसावे, मुलगा ओरडत नाही.

पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण त्या जादा पैशांचा आहे, खुर्च्यांचा नाही. जाताना आधार, शिधापत्रिका आणि वेतनचिठ्ठी किंवा आयकर विवरणपत्र यांच्या मूळ प्रती न्याव्यात, कारण मोबाइलमधले फोटो येथे चालत नाहीत. दहावी-बारावीच्या निकालानंतर येथे उभे राहायलाही जागा नसते, तेव्हा नॉन-क्रिमीलेअरचे काम एप्रिलमध्येच उरकून घेतलेले बरे. त्याला एकवीस दिवसांची मुदत असते आणि गर्दीत ती पुरतेच असे नाही.