अलप्पुळाची हाउसबोट सहल : नौपाड्यातील एका सहल-कार्यालयाच्या सेवेविषयी

केरळमधील अलप्पुळा येथे हाउसबोटवर एक रात्र राहता यावे, या हेतूने आम्ही फेब्रुवारीतील सहलीचे नियोजन ठाण्यात नौपाड्यातील एका सहल-कार्यालयाकडे सोपवले होते. प्रवासाची आखणी त्यांनी उत्तम केली, बोटीविषयीची माहिती मात्र अपुरी दिली.

ठाण्यात थांबणारी नेत्रावती एक्सप्रेस थेट अलप्पुळाला जाते. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचते आणि हाउसबोटी साधारणपणे दुपारी १२ वाजता प्रवासी घेतात. ही अडचण लक्षात घेऊन कार्यालयाने पहिल्या रात्रीचा मुक्काम गावातच ठेवला, तसेच आरक्षण ६० दिवस आधी खुले होताच तिकिटे काढली. सासूबाईंना खालचे बर्थ मिळाले, याचे श्रेय निःसंशय त्यांचेच.

बोटीच्या बाबतीत मात्र छापील पत्रकावर ‘दोन दिवस, एक रात्र’ एवढेच होते. प्रत्यक्षात दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ९ असा हा मुक्काम असतो आणि त्यातही बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधली जाते, कारण त्यानंतर मच्छीमार पाण्यात जाळी टाकतात. हा नियम योग्यच आहे. तो पैसे भरण्यापूर्वी सांगितला गेला नाही, एवढीच तक्रार. जेवणासाठीचा थांबा वजा केला, तर प्रत्यक्ष फिरणे चार-पाच तासांचेच होते. ‘एसी हाउसबोट’ या शब्दांचेही तसेच. आम्हाला दिलेल्या श्रेणीत वातानुकूलन रात्री ९ ते सकाळी ६ एवढेच चालते. दिवसभर हवे असल्यास वरची श्रेणी घ्यावी लागते, हे आम्हाला बोटीवर चढल्यानंतर खलाशाकडून कळले. फेब्रुवारीतील दमट दुपारी हा फरक चांगलाच जाणवतो.

बोट स्वतः सुरेख होती. पूर्वी धान वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम् या होड्यांच्या धर्तीवर ती बांधलेली असून तिच्या फळ्या खिळे न वापरता काथ्याने शिवलेल्या आहेत. पुढच्या सज्जात खाली वाकून पाहिले, की काळ्या रोगणाखाली काथ्याचे टाके एकेक करून दिसतात. स्वयंपाक्याने करिमीन हा तिथला मासा मसाला लावून केळीच्या पानात भाजून दिला. सासूबाईंच्या संकष्टीची नोंद कार्यालयाने आगाऊ कळवली होती, त्यामुळे त्यांच्यासाठी उकडलेली नेंद्रन केळी आणि शहाळे तयार होते. साबुदाण्याची अपेक्षा तिथे कोणी करू नये.

वेंबनाड सरोवराच्या दक्षिणेकडील कुट्टनाड हा मुलूख समुद्रसपाटीच्या खाली भात पिकवतो, आणि २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी-वारसा म्हणून मान्यता दिली. बांधापलीकडची शेते आपल्या बोटीपेक्षा खाली आहेत, हे पाहताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही. वेंबनाडवरील तण्णीरमुक्कमचा बंधारा खारे पाणी रोखण्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडी बंद असतो, तेव्हा आतले पाणी साचून जलपर्णी वाढते. उल्हास नदीवरची जलपर्णी पाहिलेल्या ठाणेकरांना ते दृश्य नवे नाही, परंतु कार्यालयाच्या पत्रकावरील निळ्याशार पाण्याच्या छायाचित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

मोठी हाउसबोट गावांमधल्या अरुंद कालव्यांत शिरू शकत नाही. त्यासाठी सकाळी वेगळी शिकारा घ्यावी लागते आणि तिचे भाडे तासावर, निराळे असते. आमच्या मते पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते तिथेच. घरासमोरच्या पायरीवर भांडी घासणाऱ्या बायका आणि होडीतून शाळेला निघालेली मुले हाउसबोटच्या सज्जातून इतक्या जवळून दिसत नाहीत. नियोजनात या फेरीचा उल्लेखही नव्हता. ती आम्ही धक्क्यावरच ठरवली.

परतल्यावर कार्यालयात हे सर्व शांतपणे ऐकून घेतले गेले. वातानुकूलनाच्या श्रेणीतील फरकाची रक्कम परत देण्याऐवजी त्यांनी पुढच्या सहलीत सवलत देऊ केली. ती लेखी द्यावी, अशी विनंती आम्ही केली असून त्यांचे पत्र अद्याप आलेले नाही.